विश्वास उडाला म्हणतात, पण कुणाचा?

(रायपूरच्या ब्राह्मणपारा भागात मराठी भाषिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)



विषय ठरला तेव्हा संयोजकांनी मला एका ओळीत सांगितलं होतं, "टीव्हीच्या बातम्यांवरून लोकांचा विश्वास उडालाय, त्यावर बोला." मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'लोक' हा शब्द ऐकला की आम्हाला पहिला प्रश्न पडतो, कोणते लोक? उडाला म्हणजे आधी होता. तो कुणाचा होता? आपल्या आजी-आजोबांचा होता का?

आज आपण ज्या भागात जमलोय त्याच्या नावातच जात आहे. पारा म्हणजे मोहल्ला, आपल्या मराठीत आळी. पत्ता सांगितला की जात कळायची अशी गावाची रचना होती. बातमीचंही तसंच आहे. ती कुठल्या आळीतून निघते आणि कुठल्या आळीत पोचतच नाही, हे पाहिलं की तिच्यावर कुणी विश्वास ठेवायचा हा प्रश्न आपोआप समोर येतो.

रायपूरच्या मराठी घरांत पत्रकारितेचा विषय निघाला की माधवराव सप्रे यांचं नाव निघतं. मराठी माणूस, १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, याचा आपल्याला अभिमान असतो. असायलाही हरकत नाही. पण त्यानंतर २० वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बातमी नव्हे, अग्रलेख नव्हे, पैसे देऊन छापायची साधी जाहिरात! तेव्हा वृत्तपत्रांवरचा विश्वास उडाला असं कुणी म्हणत नव्हतं. उलट तो मराठी पत्रकारितेचा तेजस्वी काळ म्हणून शिकवला जातो. ज्यांची जाहिरातसुद्धा छापली जात नव्हती, त्यांना हा तेज कुठून दिसणार?

बाबासाहेबांनी 'मूकनायक'नंतर 'बहिष्कृत भारत' काढलं, मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. हाताशी पैसा नसताना पुन्हा पुन्हा पत्र काढणारा माणूस हौशी नसतो. आपली बातमी दुसरं कुणी नीट सांगणार नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी भारतीय पत्रकारितेवर जे म्हटलं त्याचा सारांश असा, की एके काळी ती पेशा होती, आता व्यापार झाली आहे आणि साबण बनवणाऱ्यावर जेवढी नैतिक जबाबदारी असते तेवढीच तिने स्वतःवर ठेवली आहे. तेव्हा टीव्ही नव्हता. रोग मात्र होता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की 'विश्वासाचं संकट' ही भाषा आपण जशीच्या तशी उचलू नये. ज्यांच्या घरची माणसं बातमी लिहीत होती, त्यांचा विश्वास आज डळमळतोय. आपल्याला तो द्यावा असं काही फारसं घडलंच नव्हतं.

याला दोन आकडेवाऱ्यांचा आधार देते. २००६ साली दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमांतल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ पदांची पाहणी झाली होती. त्यात एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी अभ्यास केला. वृत्तपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं, मासिकं धरून १२१ नेतृत्वाच्या पदांपैकी १०६ पदांवर उच्चजातीय पत्रकार होते. अनुसूचित जाती-जमातींचं कुणी? शून्य. मधल्या १३ वर्षांत वाहिन्या वाढल्या, स्टुडिओ चकाचक झाले, पण हा शून्य हलला नाही.

आता कुणी म्हणेल, संपादकाची जात काय करायचीय, बातमी खरी असली म्हणजे झालं. ठीक आहे. मग बातमी खरी आहे का, एवढंच पाहू. तीन प्रकरणं घेते. तिन्ही आपल्या जवळची आहेत.

पहिलं खैरलांजी. रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की भंडारा वाटेत लागतं. त्याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव. इथल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांच्या सोयरिकी त्या पट्ट्यात आहेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना गावातल्या जमावाने मारलं. भैयालाल तेवढे वाचले. नागपूरसारखं वृत्तपत्रांचं शहर हाकेच्या अंतरावर. तरी महिनाभर देशाच्या पडद्यावर ही बातमी जवळपास नव्हती. सुरुवातीला जे छापून आलं त्यात अनैतिक संबंधाची कुजबुज होती. म्हणजे मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर आधी बोट, मग चौकशी. नोव्हेंबरमध्ये नागपुरात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कॅमेरे आले. आणि कॅमेरे आले तेव्हा सरकारची भाषा काय होती? या आंदोलनामागे नक्षलवादी आहेत! हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

खैरलांजीत टीव्हीने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. तो बराच काळ गप्प राहिला. नीतिमत्तेच्या पुस्तकात खोट्या बातमीवर पानंच्या पानं असतात, न दिलेल्या बातमीवर फार नसतं. आपल्या वाट्याला मात्र हा दुसरा प्रकारच जास्त येतो.

दुसरं प्रकरण थेट छत्तीसगढचं. बिजापूर जिल्ह्यातलं सारकेगुडा. २८ जून २०१२ च्या रात्री सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण मारले गेले. त्यात अल्पवयीन मुलंही होती. पहिली बातमी अशी, की चकमकीत नक्षलवादी ठार. गावकरी सांगत होते की आम्ही बीजपंडुमची, पेरणीच्या सणाची, बोलणी करायला जमलो होतो. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल समोर आला तो २०१९ च्या शेवटी. मारले गेलेले लोक नक्षलवादी होते याचा समाधानकारक पुरावा आयोगाला मिळाला नाही. पहिल्या दिवशीच्या बातमीला काही तास लागले, चौकशीच्या निष्कर्षाला ७ वर्षं. पडद्यावरच्या पट्टीत 'नक्षली ठार' हे दोन शब्द मावतात. आयोगाचा निष्कर्ष मावत नाही.

तिसरं प्रकरण मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण त्यात छत्तीसगढ आहे, महाराष्ट्र आहे आणि आपली मराठी भाषासुद्धा आहे.

१ जानेवारी २०१८. भीमा कोरेगावच्या लढाईला २०० वर्षं झाली म्हणून लाखो लोक विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जमले होते. त्यांच्यावर हल्ले झाले. दुसऱ्याच दिवशी हिंदुत्ववादी नेत्यांच्या नावाने गुन्हा नोंदवला गेला. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात दुसरा गुन्हा नोंदवला गेला, तो हल्ल्यांच्या आदल्या दिवशीच्या एल्गार परिषदेबद्दल. पुढचा सगळा तपास या दुसऱ्या गुन्ह्याच्या वाटेने गेला. पुन्हा तोच शब्द आला, या वेळी 'अर्बन' हे विशेषण लावून.

४ जुलै २०१८ रोजी रिपब्लिक टीव्हीवर एक पत्र दाखवलं गेलं. ते सुधा भारद्वाज यांनी कुणा 'कॉम्रेड प्रकाश'ला लिहिलं असं सांगितलं गेलं. सुधाताई छत्तीसगढमध्ये कुणाला माहीत नाहीत? दल्ली राजहराच्या खाणकामगारांत, शंकर गुहा नियोगींच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. पुढे बिलासपूरच्या उच्च न्यायालयात वकिली केली. पत्र बनावट आहे असं त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. २८ ऑगस्टला त्यांना अटक झाली. ३१ ऑगस्टला महाराष्ट्र पोलिसांचे अतिरिक्त महासंचालक परमबीर सिंग यांनी पत्रकार परिषद घेऊन अशी पत्रं वाचून दाखवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू असताना हे झालं. न्यायप्रविष्ट प्रकरणातली कागदपत्रं पोलीस पत्रकारांसमोर कशी काय वाचतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने ३ सप्टेंबरला विचारलं.

२८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विशेष तपास पथकाची मागणी दोन विरुद्ध एक मताने फेटाळली गेली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं. तपास चालू असताना जनमत घडवायला पोलिसांनी टीव्हीचा वापर केला तर तपासाच्या निःपक्षपातीपणालाच धक्का बसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आणि त्याच निकालपत्रात एक युक्तिवाद नोंदवला आहे, तो आपण रायपूरच्या मराठी लोकांनी कान देऊन ऐकावा असा आहे. देवनागरीत लिहिलेल्या त्या पत्रात १७ ठिकाणी खास मराठी वळणाचे शब्द आहेत, सुधा भारद्वाज या महाराष्ट्रातल्या नाहीत, मराठी भाषिक नाहीत, मग हे पत्र त्यांनी कसं लिहिलं असेल?

आता बघा. आपण इथे घरात मराठी आणि दारात हिंदी बोलत वाढलो. लहानपणी 'शिक्षा मंत्री' ऐकून आपल्याला हसू यायचं, कारण आपल्या घरात शिक्षा म्हणजे मार. हिंदीचा 'संसार' म्हणजे जग, आपला संसार म्हणजे भांडीकुंडी आणि उधारी. 'दूसरा'चा दू ऱ्हस्व लिहिला म्हणून शाळेत आपले मार्क जायचे आणि बाई म्हणायच्या, मराठी हो क्या? (ही माझी उदाहरणं आहेत, त्या पत्रातली नाहीत.) मराठी माणसाची हिंदी रायपूरचा कुणीही दुकानदार दोन वाक्यांत ओळखतो. मग ते पत्र दाखवण्याआधी एका दुभाषी माणसाला पाच मिनिटं वाचायला दिलं असतं, तर निदान शंका आली असती की नाही?

ते पत्र कुणी लिहिलं याचा निवाडा मी करत नाही. तो न्यायालयाने करायचा आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ज्या कागदाची सत्यता न्यायालयात तपासली गेलेली नाही, तो देशासमोर वाचताना वाहिनीने स्वतः काय तपासलं? ज्यांच्या नावावर तो कागद खपवला जात होता त्यांना आधी विचारलं का? पत्रकारितेच्या पहिल्या वर्गात शिकवतात तेवढंच मी विचारतेय.

सुधाताईंना १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. ९ डिसेंबरला त्या बाहेर आल्या. ३ वर्षं आणि ३ महिन्यांहून जास्त काळ खटला न चालता गेला. जामिनाच्या अटींत एक अट अशी, की खटल्याच्या कामकाजाबद्दल त्यांनी कुठल्याही माध्यमात बोलायचं नाही. आरोप पडद्यावर वाचला गेला, आरोपीला मात्र पडदा बंद.

हे सगळं एखाद्या वाईट अँकरमुळे होतं असं समजू नका. त्यामागे हिशेब आहे. टीआरपी मोजण्यासाठी देशातल्या सुमारे २० कोटी टीव्ही असलेल्या घरांपैकी २०२० च्या आसपास सुमारे ४४ हजार घरांत मीटर होते. त्या घरांत काय पाहिलं गेलं यावर जाहिरातीचा दर ठरतो. गावात बातमीदार पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, मुक्काम, चार दिवस. स्टुडिओत सहा जणांना भांडायला बसवायचं तर खर्च नगण्य. म्हणून चर्चा वाढल्या आणि बातमीदार कमी झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला, तेव्हा पत्रकार परिषद घेणारे आयुक्त कोण होते? तेच परमबीर सिंग. बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबवलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. पुढे राज्य सरकारने तो खटलाच मागे घेतला. दोषी कोण होतं, होतं की नव्हतं, हे प्रेक्षकाला आजही माहीत नाही.

आणि जे बातमीदार खरोखर जागेवर जातात त्यांचं काय? बस्तरच्या मुकेश चंद्राकर यांचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. 'बस्तर जंक्शन' नावाचं यूट्यूब चॅनेल चालवायचे, राष्ट्रीय वाहिनीलाही बातम्या द्यायचे. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी दाखवला. १ जानेवारी २०२५ ला बेपत्ता झाले, ३ तारखेला बिजापुरात ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. स्टुडिओतला चेहरा सुरक्षित असतो. जंगलातून फुटेज आणणाऱ्या स्ट्रिंगरला बहुतेक वेळा ओळखपत्रही नसतं, विम्याचं तर नावच नको. टीव्हीवर विश्वास ठेवायचाच असेल तर तो अशा माणसांच्या कामावर टिकून आहे, हे विसरू नका.

म्हणूनच "सगळेच विकले गेलेत" हे वाक्य मला आवडत नाही. ते बोलायला सोपं आहे आणि बोललं की आपण काही करायचं उरत नाही. शिवाय त्याचा फायदा खोटं बोलणाऱ्यालाच होतो. सगळेच चोर असतील तर त्याला वेगळा जाब कोण विचारणार?

मग आपण काय करायचं? आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहोत. पदवीचा कागद भिंतीवर लागला त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक सरकारी पत्राचा अर्थ सांगायचं काम आपल्याकडे आलं. रेशन कार्ड, बँकेचा मेसेज, जातीचा दाखला, सगळं. रात्री टीव्हीसमोर बसलेले वडील "हे खरं आहे का गं?" असं विचारतात, तेव्हा तेही त्याच कामाचा भाग आहे. तिथे "बंद करा तो टीव्ही" म्हणणं हे उत्तर नव्हे. त्यांच्याबरोबर बसून तीनच गोष्टी विचारा. हे कुणी सांगितलं, नाव आहे की 'सूत्र'? ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू आली का? आणि कालची बातमी चुकली असेल तर आज ती दुरुस्त केली का? दहा दिवस हा खेळ करा. अकराव्या दिवशी वडीलच तुम्हाला सांगतील, "बघ, यात नाव नाहीये."

दुसरं, तक्रार करायला शिका. आपण अर्ज लिहिणाऱ्यांची पोरं आहोत, आपल्याला त्याची लाज नको. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर त्यापुढे स्वयंनियमन संस्था, त्यापुढे सरकारी समिती. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, नेमकं काय बोललं गेलं आणि त्यात काय चूक, एवढं एका पानात लिहायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये मृत अभिनेत्याच्या नावाने खोटी ट्वीट दाखवल्याबद्दल एका मोठ्या हिंदी वाहिनीला अशाच यंत्रणेने १ लाख दंड केला आणि माफी मागायला लावली. १ लाख म्हणजे वाहिनीला चहापाणी, हे खरं. २०२३ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की एवढ्या दंडाने कुणाला जरब बसणार नाही. सरकारी समितीच्या हातात जास्त अधिकार गेले तर तेही धोक्याचं आहे, सरकारला न आवडणारी वाहिनी आधी अडकेल. या त्रुटी मान्य करून मी सांगते, तक्रार लिहा. लेखी नोंद राहिली तर उद्याच्या संशोधकाला, वकिलाला, आंदोलनाला ती कामी येते. खैरलांजीच्या वेळी आपल्याकडे अशा नोंदी असत्या तर त्या महिनाभराच्या मौनाचा हिशेब आज दिवसवार मांडता आला असता.

तिसरं, तुमच्यातल्या काही जणांनी या धंद्यात जावं. इथे रायपुरातच पत्रकारितेचं विद्यापीठ आहे. पण अँकर व्हायचं स्वप्न घेऊन जाऊ नका, डेस्कवर जा. कुठली बातमी घ्यायची, कुठली पाडायची, मथळ्यात 'नक्षली' लिहायचं की 'गावकरी', हे तिथे ठरतं. तो १२१ पैकी शून्य आहे ना, तो तिथला आहे. आपला एक माणूस तिथे बसला म्हणून जग बदलत नाही, हेही सांगून ठेवते. एकट्याला फार ऐकून घ्यावं लागतं. म्हणून बाहेर आपली पत्रं, आपली चॅनेल्स, आपली संकेतस्थळं लागतातच आणि त्यांनाही हेच तीन प्रश्न लागू आहेत. आपल्या माणसाने पाठवलेला व्हिडिओ आहे म्हणून न तपासता पुढे ढकलला, तर आपणही तेच केलं जे त्या पत्राचं झालं.

बुद्धाने कालामांना सांगितलं होतं की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आलं आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. आपण बुद्धवंदनेला हजर राहतो, या उपदेशालाही हजर राहू या. शंका घेणारा माणूस विश्वासाचा शत्रू नसतो. तो विश्वासाची किंमत मागत असतो, आणि ही किंमत मागायचा हक्क आपल्याइतका कुणालाच नाही, कारण उधारीवरचा विश्वास आपण पिढ्यान् पिढ्या दिला आणि तो कधी परत आला नाही.

आता प्रश्न विचारा. माझ्या बोलण्यावरही विचारा. जय भीम.